ऑल इंग्लंड : विजेत्यांच्या यादीतून दिसणारा बॅडमिंटनचा प्रवास

आजही भरणाऱ्या मोठ्या बॅडमिंटन स्पर्धांमध्ये ऑल इंग्लंड सर्वांत जुनी आहे. १८९९ साली ती सुरू झाली आणि दोन महायुद्धांच्या काळातला खंड सोडला तर दरवर्षी होत आली. बॅडमिंटनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ पर्यंत अस्तित्वातच नव्हती आणि ऑलिम्पिकमध्ये पदकांसाठी हा खेळ आला तो थेट १९९२ साली. त्यामुळे जवळजवळ ऐंशी वर्षे ऑल इंग्लंड जिंकणारा खेळाडू हाच जगातला सर्वोत्तम मानला जाई. आज जागतिक अजिंक्यपद आहे, ऑलिम्पिक आहे, वर्षभर देशोदेशी चालणाऱ्या स्पर्धांची मालिका आहे. तरीही या विजेतेपदाचा मान उतरलेला नाही.

विजेत्यांची नावे ओळीने वाचत गेले तर हा खेळ कोणत्या काळी कोणत्या देशाने मनावर घेतला, ते आपोआप उलगडत जाते. पहिली चाळीस वर्षे इंग्रज आणि आयरिश नावांची आहेत. मग डॅनिश नावे येतात, त्यानंतर मलायातली, इंडोनेशियातली आणि १९८२ पासून चिनी. सव्वाशे वर्षांच्या या यादीत भारतीय नावे दोनच आहेत, आणि तीही एकवीस वर्षांच्या अंतराने.

खेळाचे मूळ मात्र भारताशी, त्यातही पुण्याशी जोडलेले आहे. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतले ब्रिटिश अधिकारी पिसांचे फूल आणि हलक्या बॅटा घेऊन जाळीवरून खेळत. या खेळाला ‘पूना’ असेही म्हटले जाई. त्याचे सुरुवातीचे लेखी नियम १८७३ च्या सुमारास पुण्यात तयार झाले, असे खेळाचे इतिहासकार सांगतात. रजेवर किंवा निवृत्त होऊन मायदेशी परतलेल्या अधिकाऱ्यांनी खेळ सोबत नेला. ग्लॉस्टरशायरमधल्या ड्यूक ऑफ बोफोर्टच्या ‘बॅडमिंटन हाउस’ या वाड्यावरून त्याला आजचे नाव मिळाले. १८९३ साली इंग्लंडमध्ये बॅडमिंटन असोसिएशनची स्थापना झाली आणि सहा वर्षांनी तिने पहिली स्पर्धा भरवली.

ती झाली ४ एप्रिल १८९९ रोजी, लंडनच्या बकिंगहॅम गेट भागातल्या लंडन स्कॉटिश रेजिमेंटच्या कवायतीच्या हॉलमध्ये. सारी स्पर्धा एका दिवसात उरकली. त्या वर्षी एकेरीचे सामने नव्हतेच. पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी एवढेच तीन प्रकार होते. पुरुष दुहेरीचे पहिले विजेते डी. ओक्स आणि स्ट्युअर्ट मॅसी, तर महिला दुहेरीच्या मेरिएल ल्युकस आणि मेरी ग्रॅम. कोर्टही आजच्यासारखे सरळ चौकोनी नव्हते. ते जाळीपाशी अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असे, वाळूच्या घड्याळाच्या आकाराचे आखत. हा आकार १९०१ पर्यंत टिकला.

१९०० साली एकेरी सुरू झाली. पुरुषांमध्ये सिडनी स्मिथ आणि महिलांमध्ये एथेल थॉमसन हे पहिले एकेरी विजेते. दोघेही टेनिसमध्येही नाव कमावलेले खेळाडू होते. स्मिथने विम्बल्डनची पुरुष दुहेरी दोनदा जिंकली. एथेल थॉमसनने ऑल इंग्लंडची एकेरी पाच वेळा जिंकली आणि लग्नानंतर एथेल लार्कम या नावाने १९१२ साली विम्बल्डनची एकेरीही. उन्हाळ्यात हिरवळीवर टेनिस आणि हिवाळ्यात छपराखाली बॅडमिंटन, असा तिथल्या खात्यापित्या घरांतला परिपाठच होता. या जोडखेळाचे सर्वांत झळाळते उदाहरण म्हणजे किटी मॅकेन. १९२०, १९२१, १९२२ आणि १९२४ अशी चार वर्षे तिने ऑल इंग्लंडची एकेरी जिंकली आणि १९२४ व १९२६ साली विम्बल्डनचीही. १९२४ साली दोन्ही मुकुट तिच्याकडे होते. आजच्या काळात एकाच खेळाडूने एका वर्षात असे करणे कल्पनेतही बसत नाही.

सुरुवातीच्या पिढीत मेरिएल ल्युकसने सहा एकेरी विजेतेपदे मिळवली. पण या हौशी युगाचा खरा प्रतिनिधी शोधायचा तर सर जॉर्ज थॉमस यांच्यापाशीच थांबावे लागते. त्यांनी १९२० ते १९२३ अशी सलग चार वर्षे पुरुष एकेरी जिंकली आणि दुहेरी व मिश्र दुहेरी धरून एकूण २१ विजेतेपदे मिळवली. हा आकडा आजही कोणी गाठलेला नाही. हेच थॉमस बुद्धिबळातही पहिल्या रांगेत होते. १९२३ आणि १९३४ साली ते बुद्धिबळाचे ब्रिटिश विजेते झाले, आणि १९३४-३५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कॅपाब्लांका आणि बॉटविनिक या दोघांनाही हरवले. एक माजी विश्वविजेता, दुसरा भावी. १९३४ साली आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ स्थापन झाला तेव्हा पहिले अध्यक्ष तेच झाले आणि पुढे दोन दशके त्या पदावर राहिले. पुरुषांच्या सांघिक अजिंक्यपदासाठी त्यांनी दिलेला चषक म्हणजेच आजचा थॉमस कप.

थॉमस यांच्या मागोमाग आयर्लंडचा फ्रँक डेव्हलिन आला. १९२५ ते १९३१ या सात वर्षांत त्याने सहा वेळा एकेरी जिंकली. त्याआधीचे १९२४ चे विजेतेपदही घरातलेच म्हणायला हरकत नाही, कारण ते त्याचा दुहेरीतला जोडीदार कर्ली मॅक याने पटकावले होते. डेव्हलिनची एकूण विजेतेपदे १८. पुढे तो अमेरिकेत जाऊन प्रशिक्षक झाला आणि तिथे त्याच्या मुलींनी रॅकेट हाती घेतली. १९३० च्या दशकात इंग्लंडच्या राल्फ निकोल्सने पाच एकेरी विजेतेपदे मिळवली. तोवर स्पर्धा लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये स्थिरावली होती. १९१० ते १९३९ पर्यंत ती तिथेच झाली. फुलांच्या प्रदर्शनांसाठी बांधलेल्या त्या काचेच्या छपराच्या हॉलमध्ये खेळाने एक अख्खी पिढी काढली.

१९३९ च्या स्पर्धेत या घरगुती यादीला तडा गेला. पुरुष एकेरी डेन्मार्कच्या टागे मॅडसनने जिंकली, महिला एकेरी कॅनडाच्या डोरोथी वॉल्टनने. लगेच युद्ध सुरू झाले आणि पुढची सात वर्षे स्पर्धा झालीच नाही.

१९४७ साली ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा एकेरीच्या अंतिम सामन्यात इंग्रज खेळाडू नव्हता. एका बाजूला स्वीडनचा कॉनी येप्सेन होता आणि दुसऱ्या बाजूला लाहोरचा प्रकाश नाथ. ऑल इंग्लंडची अंतिम फेरी गाठणारा हा पहिला भारतीय. त्याची कथा भारतीय क्रीडा इतिहासात फार कमी सांगितली जाते, हे खेदाचे आहे. त्या वर्षी भारतातून प्रकाश नाथ आणि देविंदर मोहन असे दोघे गेले होते. सोडतीत दोघे उपांत्यपूर्व फेरीत एकमेकांसमोर आले. आपसांत खेळून दमण्यापेक्षा नाणे उडवून पुढे कोणी जायचे ते ठरवू, असे त्यांनी ठरवले आणि कौल नाथच्या बाजूने पडला. उपांत्य सामना जिंकून तो अंतिम फेरीत पोहोचला. अंतिम सामन्याच्या दिवशी वर्तमानपत्रात लाहोरमधल्या दंगलींची आणि जळणाऱ्या वस्त्यांची बातमी त्याच्या वाचनात आली. ज्या भागाला आग लागली होती, तिथेच त्याचे घर होते. त्या मनःस्थितीत तो कोर्टवर उतरला आणि हरला. काही महिन्यांत फाळणी झाली, घरदार सुटले आणि त्याचे स्पर्धात्मक बॅडमिंटनही संपले.

१९४९ चा विजेता डेव्हिड फ्रीमन अमेरिकेचा. पुढे मेंदूचा शल्यचिकित्सक झालेला हा खेळाडू ऑल इंग्लंडची पुरुष एकेरी जिंकणारा आजवरचा एकमेव अमेरिकी आहे. पण त्या वर्षी अंतिम सामन्यात त्याच्यासमोर मलायाचा ऊई टेक हॉक होता आणि त्याच वर्षी पहिल्यावहिल्या थॉमस कपच्या अंतिम लढतीत मलायाने डेन्मार्कला ८-१ असे लोळवले होते. वारे कोणत्या दिशेने वाहत आहे, ते यातून दिसत होते.

१९५० ते १९५७ या आठही वर्षांत पुरुष एकेरीचे विजेतेपद मलायाबाहेर गेले नाही. चार वेळा वाँग पेंग सून जिंकला आणि चार वेळा एडी चूंग. वाँग हा ऑल इंग्लंडची एकेरी जिंकणारा पहिला आशियाई. त्याचा बॅकहँड आणि जागेचा अचूक अंदाज यांच्या आठवणी जुने खेळाडू पुढे कितीतरी वर्षे सांगत राहिले. युद्धाने त्याची उमेदीची वर्षे खाल्ली होती. १९५५ साली चौथ्यांदा जिंकला तेव्हा तो पस्तिशी ओलांडून गेला होता. चूंग त्याच्या अगदी उलटा. पेनांगच्या या बुटक्या, चपळ मुलाची उंची जेमतेम सव्वापाच फूट. तो शिक्षणासाठी लंडनला आला आणि कोर्टभर उड्या मारत त्याने युरोपच्या उंच खेळाडूंना दमवून टाकले. भाऊ डेव्हिडच्या जोडीने त्याने दुहेरीही सलग तीनदा जिंकली.

मूळ सांगलीच्या नंदू नाटेकरांचा बहराचा काळही हाच. १९५४ साली त्यांनी ऑल इंग्लंडची उपांत्यपूर्व फेरी गाठली. दोनच वर्षांनी १९५६ साली त्यांनी कुआलालंपूरमध्ये, म्हणजे मलायाच्याच अंगणात, सेलंगर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. नाटेकरांच्या हातातला नजाकतीचा खेळ वाँग आणि चूंग यांच्या काळात घडला, हे लक्षात घेतले तर त्या यशाचे वजन नीट कळते.

मलायाचा काळ ओसरला आणि डेन्मार्कचा एरलांड कॉप्स उभा राहिला. १९५८ ते १९६७ या दहा वर्षांत तो सात वेळा जिंकला. लांबलचक हिवाळा, गावोगावचे हॉल आणि क्लबांची घट्ट वीण यांच्या बळावर डेन्मार्कमध्ये हा खेळ घराघरांत पोहोचला होता. पुरुष आणि मिश्र दुहेरीत फिन कोबेरोने पंधरा विजेतेपदे गोळा केली, ती याच मातीतून. मधल्या वर्षांतले एक नाव पुढच्या काळाची चाहूल देणारे होते. १९५९ साली तान जो हॉक याने अंतिम फेरीत आपल्याच देशाच्या फेरी सोनेव्हिलला हरवले आणि इंडोनेशियाचे नाव प्रथमच पुरुष एकेरीच्या यादीत लागले.

महिलांमध्ये त्या काळी एकीचेच राज्य होते. फ्रँक डेव्हलिनची धाकटी मुलगी ज्युडी १९५४ साली अमेरिकेकडून खेळताना पहिल्यांदा जिंकली आणि १९६७ पर्यंत तिने तब्बल दहा एकेरी विजेतेपदे मिळवली. एकेरीत इतकी विजेतेपदे ना तिच्याआधी कोणाला मिळाली, ना नंतर, पुरुषांतही नाही. थोरली बहीण सुझन हिच्या जोडीने तिने दुहेरीतही सहा वेळा बाजी मारली. लग्नानंतर ज्युडी हॅशमन या नावाने ती इंग्लंडमध्ये स्थायिक झाली. बापाची अठरा आणि ज्युडीची सतरा मिळून या दोघांच्या नावावर पस्तीस विजेतेपदे जमा आहेत. ज्युडीनंतर जपानच्या मुली पुढे आल्या. हिरोए युकीने १९६९ ते १९७७ या काळात चार वेळा एकेरी जिंकली. तिच्या देशभगिनी एत्सुको ताकेनाका आणि नोरिको नाकायामा यांनीही एकेक वेळ.

१९६८ साली सुराबायाचा अठरा वर्षांचा रुडी हार्तोनो वेम्ब्लीत दाखल झाला. स्पर्धा १९५७ पासून तिथल्या ‘एम्पायर पूल’मध्ये भरत होती, मूळचा जलतरण तलाव असलेली ही वास्तू पुढे वेम्ब्ली अरेना म्हणून ओळखली गेली. हार्तोनोने त्या वर्षी १९६६ चा विजेता तान आइक हुआंग याला अंतिम फेरीत हरवले आणि त्यानंतर सलग सात वर्षे, १९७४ पर्यंत, त्याला कोणीही हरवू शकले नाही. त्याचा वेग त्या काळच्या खेळाला नवीन होता. फूल वर दिसताच चाल करायची, प्रतिस्पर्ध्याला श्वास घ्यायलाही उसंत द्यायची नाही, अशी त्याची पद्धत. १९७५ साली डेन्मार्कच्या स्वेन प्रीने अंतिम सामन्यात त्याची मालिका तोडली. पुढच्या वर्षी हार्तोनो परत आला आणि आठव्यांदा जिंकला. पुरुष एकेरीतला हा विक्रम अजून अबाधित आहे. १९७६ च्या त्या अंतिम सामन्यात जाळीच्या पलीकडे होता त्याचाच वारसदार, लिम स्वी किंग. उंच उडी मारून हवेतूनच स्मॅश हाणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १९७८ आणि १९७९ ची विजेतेपदे त्याने मिळवली. दुहेरीत त्युन त्युन आणि योहान वाह्युदी या इंडोनेशियन जोडीने १९७४ ते १९८० या काळात सहा विजेतेपदे नेली.

१९८० साली किंग सलग तिसऱ्यांदा जिंकणार, असेच बहुतेकांनी गृहीत धरले होते. अंतिम सामन्यात त्याच्यापुढे बंगळूरचा चोवीस वर्षांचा प्रकाश पदुकोण होता. कोकणी बोलणाऱ्या सारस्वत घरातला हा मुलगा कॅनरा युनियनच्या सभागृहात बॅडमिंटन शिकला. लग्नसराईत तिथे मांडव पडला की खेळ बंद. १९७१ साली सोळाव्या वर्षी राष्ट्रीय विजेता झाल्यावर त्याने ते अजिंक्यपद सलग नऊ वर्षे सोडले नव्हते. त्या मोसमात डॅनिश आणि स्वीडिश या दोन्ही स्पर्धा जिंकून तो वेम्ब्लीत आला होता.

तेव्हा गुण मोजण्याची पद्धत आजच्याहून वेगळी होती. पुरुषांचा गेम पंधरा गुणांचा आणि गुण मिळे तो फक्त स्वतःची सर्व्हिस असताना. सर्व्हिस समोरच्याकडे असताना रॅली जिंकली तर हाती येई ती नुसती सर्व्हिस. या पद्धतीत संयमाला मोल होते. पदुकोणने नेमके तेच हेरले. किंगला वेग हवा होता, मागे उंच आलेले फूल हवे होते. पदुकोणने ते दिलेच नाही. मनगटाच्या शेवटच्या क्षणाच्या वळणाने तो फूल कधी जाळीलगत टाके, कधी अर्ध्या वेगाचा स्मॅश रेषेजवळ उतरवी, तर कधी उंच टॉस थेट मागच्या रेषेवर. किंगला उडी मारायला हवी तशी संधी मिळेना, आणि मिळाली तर तोल सावरता येईना. पहिला गेम १५-३ असा संपला. दुसऱ्यात किंगने जोर लावला, तरी १५-१० अशी पदुकोणचीच सरशी झाली. जगातल्या सर्वांत आक्रमक खेळाडूला त्याच्या आवडीचा एकही फटका मनासारखा मारू न देता मिळवलेला हा विजय बॅडमिंटनमधल्या डावपेचांचा उत्तम नमुना आहे. पुढच्या वर्षी दोघे पुन्हा अंतिम फेरीत भेटले. तेव्हा पहिला गेम गमावूनही किंग जिंकला.

महिलांमध्ये याच सुमारास इंग्लंडच्या जिलियन गिल्क्सने दोनदा आणि व्यवसायाने दंतवैद्य असलेल्या डेन्मार्कच्या लेने केपेननेही दोनदा एकेरी जिंकली. १९७६ आणि १९७८ च्या गिल्क्सच्या विजयांनंतर इंग्लंडला एकेरीचे विजेतेपद कधीच मिळाले नाही. पुरुषांत तर १९३८ च्या राल्फ निकोल्सनंतर एकही इंग्रज नाव नाही.

दरम्यान एक फार मोठा खेळाडूसमूह या स्पर्धेच्या बाहेरच होता. चीन आंतरराष्ट्रीय महासंघाचा सदस्य नव्हता. त्याचे खेळाडू काय ताकदीचे आहेत हे जाणकारांना माहीत होते, पण ऑल इंग्लंडमध्ये ते दिसत नव्हते. १९८१ साली दोन जागतिक संघटनांचे एकीकरण झाले आणि चीनला दार उघडले. १९८२ साली आल्या आल्या झांग आयलिंगने महिला एकेरी जिंकली. पुरुषांत लुआन जिन अंतिम फेरीत डेन्मार्कच्या मॉर्टन फ्रॉस्टकडून हरला, पण पुढच्या वर्षी त्यानेच विजेतेपद नेले. त्यानंतर झाओ जियानहुआ, यांग यांग, महिलांमध्ये ली लिंगवेई आणि हान आयपिंग अशी नावांची रीघ लागली. लहानपणीच मुले निवडून वर्षानुवर्षे सरकारी प्रशिक्षण केंद्रांत घडवण्याची ही व्यवस्था होती. एक खेळाडू थकला की दुसरा तयारच असे. त्या लाटेपुढे फ्रॉस्टने १९८२ ते १९८७ या काळात चार वेळा एकेरी जिंकली, ही कामगिरी म्हणूनच फार मोठी ठरते. जागतिक अजिंक्यपद मात्र त्याच्या हाती कधीच लागले नाही. याच सुमारास पुढे आलेल्या कोरियाच्या पार्क जू-बाँगने दुहेरी आणि मिश्र दुहेरीत मिळून नऊ विजेतेपदे मिळवली.

नव्वदच्या दशकाची सुरुवात इंडोनेशियाच्या सुसी सुसांतीने गाजवली. १९९० ते १९९४ या पाच वर्षांत ती चार वेळा जिंकली आणि १९९२ साली बार्सिलोनात बॅडमिंटनमधले महिला एकेरीचे पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदकही तिलाच मिळाले. १९९४ पासून स्पर्धा वेम्ब्ली सोडून बर्मिंगहॅमला गेली आणि अजून तिथेच भरते. पुढे डेन्मार्कचा पोल-एरिक होयर लार्सन दोनदा आणि पीटर गेड एकदा जिंकला. महिलांत चीनच्या ये झाओयिंगने १९९७ ते १९९९ अशी सलग तीन वर्षे विजेतेपद राखले.

२००१ च्या स्पर्धेत पुलेला गोपीचंद सत्तावीस वर्षांचा होता. १९९४ साली पुण्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत दुहेरी खेळताना त्याच्या गुडघ्याला जबर दुखापत झाली होती आणि शस्त्रक्रिया करावी लागली होती. अशा गुडघ्यावर पुन्हा जागतिक दर्जाचे बॅडमिंटन खेळणे अवघड, असे सांगणारेच तेव्हा अधिक होते. बर्मिंगहॅममध्ये त्याने उपांत्य फेरीत पीटर गेडला हरवले. ११ मार्चच्या अंतिम सामन्यात चीनचा चेन हाँग समोर होता. पहिला गेम १५-१२ असा अटीतटीचा झाला. दुसरा १५-६ असा सहज. पदुकोणनंतर एकवीस वर्षांनी भारताच्या नावापुढे पुन्हा विजेता लागला. चेन हाँग पुढे २००२ आणि २००५ साली जिंकला, यावरून त्या विजयाची किंमत कळते. गोपीचंदने त्यानंतर हैदराबादमध्ये अकादमी उभारली, आणि सायना नेहवाल व पी. व्ही. सिंधू या ऑलिम्पिक पदकविजेत्या तिथेच घडल्या.

२००६ साली गुणपद्धती बदलली. प्रत्येक रॅलीला गुण आणि २१ गुणांचा गेम. पुरुष-महिला भेद गेला, सामने आटोपशीर झाले आणि खेळाचा वेग आणखी वाढला. या नव्या काळावर दोघांची छाप आहे. चीनचा लिन डॅन २००४ ते २०१६ या काळात सहा वेळा जिंकला. मलेशियाचा ली चोंग वेई चार वेळा, शेवटचा २०१७ साली. २००९ चा अंतिम सामना लिनने जिंकला, २०११ चा लीने आणि २०१२ च्या सामन्यात दुखापतीमुळे लीला मधूनच माघार घ्यावी लागली. डावखुरा लिन मोठ्या सामन्यात हमखास उंचावणारा, तर ली वर्षभर सातत्याने जिंकत राहणारा. लीला ऑलिम्पिकचे सुवर्ण आणि जागतिक अजिंक्यपद कधीच मिळाले नाही, म्हणून ऑल इंग्लंडच्या या चार विजेतेपदांना त्याच्या कारकिर्दीत वेगळेच महत्त्व आहे.

महिलांमध्ये मात्र चीनची पकड या काळात हळूहळू सैल होत गेली. डेन्मार्कच्या टीने बाऊनने २०१३ साली तिसऱ्यांदा जिंकून खेळाचा निरोप घेतला. २०१५ च्या अंतिम फेरीत सायना नेहवाल पोहोचली. भारताची ती पहिली महिला अंतिम खेळाडू. पहिला गेम तिने २१-१६ असा घेतला, पण स्पेनच्या कॅरोलिना मारिनने पुढचे दोन्ही २१-१४, २१-७ असे जिंकले. ज्या देशात बॅडमिंटनची परंपराच नव्हती, त्या स्पेनला पहिले विजेतेपद मिळाले. पुढच्या वर्षी जपानची नोझोमी ओकुहारा जिंकली आणि त्यानंतर तैवानच्या ताइ त्झु-यिंगने २०१७, २०१८ व २०२० अशी तीन विजेतेपदे मिळवली. तिच्या फसव्या फटक्यांचे चाहते जगभर आहेत.

गेल्या काही वर्षांत पुरुष एकेरीवर कोणत्याही एका देशाचा शिक्का उरलेला नाही. २०१८ साली चीनचा शी युची, २०१९ साली जपानचा केंटो मोमोटा, २०२० साली डेन्मार्कचा व्हिक्टर अ‍ॅक्सेलसन. करोनामुळे जगभरचे हॉल बंद होण्याच्या अगदी तोंडावर ती २०२० ची स्पर्धा पार पडली. पुढच्या वर्षी विमानातला एक सहप्रवासी बाधित निघाल्यामुळे इंडोनेशियाच्या संपूर्ण संघाला स्पर्धेतून बाहेर पडावे लागले आणि मलेशियाचा ली झी जिया विजेता ठरला. २०२२ साली त्याच ली झी जियाला उपांत्य फेरीत हरवून वीस वर्षांचा लक्ष्य सेन अंतिम फेरीत गेला. पदुकोणच्या बंगळूरच्या अकादमीत तो तयार झाला होता. अंतिम सामन्यात अ‍ॅक्सेलसनने त्याला २१-१०, २१-१५ असे हरवले. त्याच स्पर्धेत आणि पुन्हा २०२३ साली गोपीचंदची मुलगी गायत्री ट्रीसा जॉलीच्या जोडीने महिला दुहेरीच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली.

२०२३ साली चीनचा ली शिफेंग जिंकला. २०२४ साली इंडोनेशियाच्या जोनातन क्रिस्टीने आपल्याच देशाच्या अँथनी गिंटिंगला अंतिम फेरीत हरवले. हेर्यांतो आर्बीच्या १९९४ च्या विजयानंतर तीस वर्षांनी पुरुष एकेरी इंडोनेशियाकडे परतली. २०२५ साली शी युची दुसऱ्यांदा विजेता झाला. महिला एकेरीत कोरियाच्या आन से-यंगने चीनच्या वांग झीयीविरुद्ध पहिला गेम १३-२१ असा गमावला, पुढचे दोन्ही २१-१८ असे खेचून आणले आणि २०२३ नंतर दुसऱ्यांदा विजेतेपद मिळवले. त्या वर्षीची पुरुष दुहेरी कोरियाने, महिला दुहेरी जपानने आणि मिश्र दुहेरी चीनने जिंकली.